बिनबटनाचा गेम

माळेगावच्या जत्रेत घोडे बघायला आलेली माणसं त्या वर्षी एका निळ्या ताडपत्रीसमोर अडून राहिली. आत एक लाकडी खोकं होतं. खोक्यात भंगारातून उचललेला काळा-पांढरा टीव्ही, त्याच्याखाली एक दांडी आणि दोन लाल बटनं. पडद्यावर पांढरा ठिपका इकडून तिकडं उड्या मारायचा आणि चुकला की पोरं ‘गेला, गेला!’ म्हणून गिल्ला करायची. हे खोकं बनवणारा व्यंकटी सोनकांबळे तेव्हा तेवीस वर्षांचा होता. नांदेडच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकून आलेला, नोकरीचे अर्ज करून करून कंटाळलेला, मुखेडच्या भीमनगरात पत्र्याच्या घरात राहणारा.

चार दिवस त्याच्या पालासमोरची गर्दी हटली नाही. पण व्यंकटीच्या ध्यानात राहिले ते खेळणाऱ्या पोरांच्या मागं उभे असलेले लोक. पटकेवाले म्हातारे, डोक्यावरचा पदर दातात धरलेल्या बाया. तासन्‌तास बघायचे. ठिपक्याबरोबर त्यांच्या माना हलायच्या. ‘या की, तुमी बी खेळा,’ असं म्हटलं की लाजून मागं सरायचे. ‘आमाला कुठं बटनं कळत्यात, बाबा!’

ते त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

पुढं तीस वर्षं त्यानं हाच धंदा केला. खोकं जाऊन रंगीत टीव्ही आला, मग कॅसेटचा गेम, मग सीडीचा. वरच्या गल्लीतल्या एका बड्या शेतकरी घरानं बसस्टँडमागं गाळे बांधले, त्यातला कोपऱ्यातला गाळा त्यानं भाड्यानं घेतला. त्या घरचा पोरगा शिवशंकर शाळा बुडवून तिथंच पडलेला असायचा. ‘काका, अजून एकदाच,’ म्हणत हरलेला गेम पुन्हा मांडायचा. त्याची आई लक्ष्मीबाई त्याला शोधत यायची आणि बाहेरूनच हाक मारायची. गाळ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नाही.

भीमनगरची, वरच्या गल्लीची, मुसलमानांच्या मोहल्ल्यातली पोरं रिमोटसाठी एकमेकांच्या उरावर बसायची, शिव्या द्यायची, पण बाकडं एकच होतं. व्यंकटीला त्याचा अभिमान होता. मग मोबाईल आला आणि पोरं जिथं असतील तिथं मान खाली घालून खेळू लागली. गाळा ओस पडला. व्यंकटी मोबाईलच्या काचा बदलून पोट भरू लागला.

त्याची मुलगी धम्मप्रिया लातूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथं लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना व्यायामासाठी टीव्हीसमोर उभं करून गेम खेळायला लावायचे. हातात काही नाही. वर कॅमेरा, आणि माणूस हलेल तसं पडद्यावरचं चित्र हलायचं. एकदा बाप भेटायला आला तेव्हा तिनं त्याला ते दाखवलं. ज्याला सहा महिन्यांत हात वर करता आला नव्हता असा एक शेतकरी पडद्यावरचा फुगा फोडायला हात वर नेत होता आणि हसत होता. व्यंकटी दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘हेला तर बटनच न्हाई गं.’

‘नाही ना बाबा. म्हणूनच दाखवलं तुम्हाला.’

दिवाळीत ती तसाच नवा गेम घेऊन मुखेडला आली.

व्यंकटीनं गाळा झाडून काढला, भिंतीला चुना दिला, बाकडं भिंतीला सरकवलं, मधली जागा मोकळी केली आणि खेळणाऱ्यानं कुठं उभं राहायचं तिथं चुन्याची रेघ मारली. दारावर पाटी लावली: ‘अंगानं खेळायचा गेम. लहान-थोर, बाया-माणसं, सर्वांसाठी.’ बाजूचा चहावाला हसला. ‘व्यंकटीभाऊ, म्हाताऱ्या बाया काय गेम खेळून राहिल्या व्हय?’

‘बगशील तू,’ व्यंकटी म्हणाला.

पहिली आली लक्ष्मीबाई. साठी ओलांडलेली, गुडघे धरलेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. नातवाला शोधत आली होती आणि सवयीनं दारातच थांबली. आत नातू हवेत हात फिरवून चेंडू फेकत होता आणि पडद्यावर दहा बाटल्या धडाधड पडत होत्या. तिची मान चेंडूबरोबर हलताना व्यंकटीनं पाहिली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जत्रेत पाहिली होती तशीच.

‘या अक्का. हात नुसता असा मागं न्यायचा आन् सोडायचा. गोफण फिरवल्यावानी.’

‘मला? वेड लागलं का तुला!’ ती म्हणाली, पण गेली नाही. नातवानं हात धरून ओढलं. तिनं पदर खोचला, डोळे जवळजवळ मिटले आणि हात झटकला. दहाच्या दहा बाटल्या पडल्या. पडद्यावर रंगीत कागद उडाले. लक्ष्मीबाई आधी दचकली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सुनेला, पुनमला, घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या. पंधरवड्यात दुपारी दोन ते चार ही बायांची वेळ ठरून गेली. विरूपाक्ष गुरुजी संध्याकाळी यायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली, उजवा हात थरथरायचा. पडद्यावरच्या टेनिसमध्ये पॉइंट मिळाला की चहावाल्याला आत बोलावून दाखवायचे.

व्यंकटीची बायको धुरपताबाई पहिल्यांदा आली ती नवऱ्याचा डबा घेऊन. दुपारची वेळ होती, आत सगळ्या वरच्या गल्लीच्या बाया. ती बाहेरूनच डबा देऊन वळली, तर लक्ष्मीबाईच म्हणाली, ‘अगं धुरपता, ये की आत. ह्या होडीच्या गेमला दोघी लागतात आणि ह्या पुनमला झुकताच येत नाही.’

धुरपतानं नवऱ्याकडं बघितलं. याच लक्ष्मीबाईच्या शेतात तिनं नऊ वर्षं खुरपलं होतं. तिथं पाणी मागितलं की वरून ओंजळीत मिळायचं. तिला ती ‘मालकीणबाई’ म्हणायची. आता दोघी चुन्याच्या रेघेवर शेजारी उभ्या राहिल्या आणि पडद्यावर त्यांची होडी खळाळत्या नदीत सुटली. डावीकडं खडक आला की दोघींनी मिळून उजवीकडं झुकायचं. एकटीनं झुकून होडी वळत नव्हती.

‘झुक गं धुरपता, झुक! मेलो!’

‘तुमी बी झुका की अक्का! मला एकटीला काय सांगून राहिल्या!’

धबधब्यावरून होडी हवेत उडाली तेव्हा लक्ष्मीबाईनं घाबरून धुरपताचा हात घट्ट धरला. त्याच क्षणी मशीननं आपलं आपण फोटो काढला. हा गेम मजेच्या क्षणी खेळणाऱ्यांचा फोटो काढायचा आणि शेवटी पडद्यावर दाखवायचा. दोघी हातात हात धरून, तोंडं उघडी, पदर घसरलेले, लहान पोरींसारख्या. सगळ्या बाया लोटपोट झाल्या.

त्यानंतर भीमनगरच्याही बाया दुपारी येऊ लागल्या. होडीत कोण कुणाबरोबर उभी राहते याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. लक्ष्मीबाईला मात्र धुरपताच लागायची. धुरपता आली नाही तर विचारायची, ‘व्यंकटीभाऊ, माझी जोडीदारीण कुठंय?’ आयुष्यभर जिनं त्याला ‘व्यंकट्या’ म्हटलं, तिच्या तोंडून ‘भाऊ’ कधी निघू लागलं हे त्यालाही कळलं नाही. धम्मप्रियाचा फोन आला की तो तिला रोजचं सगळं सांगायचा. ‘पोरी, लई झाक चाललंय. पोरं, म्हातारे, बाया, समदे येऊन राहिलेत.’

हे तीन महिने चाललं.

एका दुपारी पुनमनं पडद्यावरच्या फोटोचा मोबाईलनं फोटो घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘आमच्या सासूबाईंची होडी’, पुढं हसणारे चेहरे. तिच्या मनात काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो वरच्या गल्लीच्या प्रत्येक मोबाईलमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गाळ्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी भीमनगरच्या दोघी येऊन बसल्या, वाट बघितली आणि गेल्या. चौथ्या दिवशी शिवशंकर आला.

तो आता पस्तिशीचा होता. बापामागं शेती, गाळे, मंगल कार्यालय सगळं त्याच्या हाताखाली आलं होतं. बोलायला गोड. आत येऊन तो लहानपणी बसायचा त्याच बाकड्यावर बसला.

‘काका, माझं काही म्हणणं नाही हं,’ तो म्हणाला. ‘मी तर तुमच्यापाशीच लहानाचा मोठा झालो. पण लोक बोलून राहिलेत.’

‘काय बोलून राहिलेत?’

‘तुम्ही बायांना नाचायला लावता अन् त्यांचे फोटो काढता म्हणून.’

व्यंकटी उठला, मशीन चालू केलं, ‘हे बग, हे आपल्या आपण काढतंय. माझा हात बी लागत न्हाई. आन् गेम बंद केला की पुसून जातं,’ असं सांगत स्वतः चुन्याच्या रेघेवर उभा राहिला. सत्तावन्न वर्षांचा माणूस एकटाच डावी-उजवीकडं झुकू लागला. शिवशंकरनं मान खाली घातली.

‘मला कळतं हो काका. पण चारचौघांना कोण समजावणार? एकदोघं तर पोलिसात जाऊ म्हणत होते. मीच थांबवून धरलंय.’

‘फोटो तुज्या बायकोनं टाकला शिवशंकर.’

‘तिचं नाव कशाला मधी आणता?’ आता त्याचा आवाज जरा बदलला. ‘आणि खरं सांगू? फोटोचं सोडा. माझ्या आईनं कुणाचा हात धरलाय ते सगळ्या गल्लीनं बघितलं. मला घरातून बाहेर निघायची चोरी झाली.’

आता व्यंकटीनं मशीन बंद केलं.

त्या रात्री जेवण न करताच झोपलेला तो सकाळी उठून विरूपाक्ष गुरुजींकडं गेला. गुरुजींचे स्वतःचे कितीतरी फोटो त्या मशीननं काढले होते. चार लोकांत त्यांच्या शब्दाला मान होता. ‘गुरुजी, तुमी फक्त येवढं सांगा, की मशीन आपल्या आपण फोटो काढतंय.’

गुरुजींनी थरथरणारा हात डाव्या हातानं धरून ठेवला. ‘व्यंकटी, तुझं खरं आहे. पण मी म्हातारा माणूस. कुठं या भानगडीत पडू?’

शिवशंकरनं महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं. रंगकाम करायचंय, असं कारण दिलं. व्यंकटीनं टीव्ही, मशीन, बाकडं हातगाड्यावर घातलं आणि भीमनगरात आणलं. घराच्या पुढच्या खोलीत कॅमेऱ्याला लागते तेवढी जागा नव्हती. माणूस मागं सरला की पाठ भिंतीला लागायची आणि पडद्यावर अर्धंच अंग दिसायचं. त्यानं ते पुन्हा खोक्यात बांधलं, माळ्यावर ठेवलं, आणि बसस्टँडसमोर छत्रीखाली टेबल टाकून मोबाईल दुरुस्त करू लागला.

नागपंचमीच्या आधी शिवशंकरच्या मंगल कार्यालयावर फलक लागला. ‘खास महिलांसाठी. नव्या युगाचा गेम. दुपारी दोन ते चार.’ शिवशंकरनं लातूरहून तोच गेम आणला होता, त्याहून मोठ्या पडद्यासकट. वेळसुद्धा तीच ठेवली होती.

धुरपताबाई भीमनगरच्या दोघींना घेऊन गेली. व्यंकटी म्हणाला होता, ‘जाऊ नगंस.’ ती म्हणाली, ‘महिलांसाठी लिहिलंय. मी कोण हाय मग?’

दारात पुनम वही घेऊन बसली होती. धुरपताला पाहून तिचा चेहरा उतरला. ‘मावशी, आजची जागा भरली.’ दुसऱ्या दिवशीही जागा भरली होती. तिसऱ्या दिवशी धुरपतानं दारातून आत बघितलं. अर्धा हॉल रिकामा होता आणि होडीच्या गेमला लक्ष्मीबाई दुसऱ्या एका बाईबरोबर उभी होती. होडी सारखी खडकावर आदळत होती. धुरपता परत आली. घरी येऊन म्हणाली, ‘तिला झुकाया येत न्हाई. आदीपासूनच येत नव्हतं. मीच सांभाळून घ्यायची.’ आणि भाकरी थापायला बसली.

त्याच आठवड्यात लातूरचा रविकिरण नावाचा तरुण व्यंकटीच्या छत्रीखाली आला. गेम विकणाऱ्या डीलरकडं तो कामाला होता. लहान गावांत हा गेम कुणाकुणाला आवडतो याची माहिती गोळा करत तो उदगीर, देगलूर करत मुखेडला पोचला होता. मुखेडात पहिला गेम व्यंकटीनं घेतला असं त्याला कळलं होतं.

‘काका, हा चालतो का छोट्या गावात? आमचे साहेब म्हणतात, हा फक्त शहरातल्या पोरांचा आहे.’ त्यानं मोबाईलवर फॉर्म उघडला. ‘लहान मुलं?’

‘आवडला.’

‘महिला?’

‘लई.’

‘ज्येष्ठ नागरिक? शेतकरी? कमी शिकलेले?’

‘समद्यांना आवडला. लिहा. ज्येला दोन हात हायत त्येला आवडला. एक हात चालत नसला तरी आवडला.’

रविकिरण खूश झाला. ‘मग तुम्ही बंद का केलात?’

व्यंकटीनं हातातल्या मोबाईलची काच फुंकून साफ केली. ‘तुमच्या फारमात तेवढी जागा न्हाई बाबा,’ तो म्हणाला. रविकिरणनं ‘इतर कारणे’ यावर बोट टेकवलं आणि पुढच्या गावाची गाडी धरली.

श्रावण संपता संपता शिवशंकरचा माणूस बोलवायला आला. हॉलमधलं मशीन बायांना ओळखतच नव्हतं. माणूस समोर उभा राहिला तरी पडदा कोरा. लातूरहून कुणी यायला आठवडा लागणार होता.

व्यंकटी गेला. का गेला, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. बिघडलेलं मशीन कुणी दाखवलं आणि तो गेला नाही, असं आजवर झालं नव्हतं एवढंच. आत पाऊल टाकताच त्याला दोष दिसला. समोरच्या मोठ्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट कॅमेऱ्यावर येत होती. त्यानं खिडकीला जाड पडदा लावायला लावला, कॅमेरा वीतभर खाली घेतला आणि तपासायला स्वतः मध्ये उभा राहिला. पडद्यावर लगेच त्याची आकृती उमटली. हात वर केला, आकृतीनं हात वर केला.

तेवढ्यात बाया येऊ लागल्या. पुनम आली आणि त्याला बघून वहीत डोकं घातलं. मागून लक्ष्मीबाई आली. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. व्यंकटीचे हात नमस्काराला उठले होते. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड मुलाकडं फिरवलं आणि विचारलं, ‘शिवा, मिस्त्रीचं झालं का रे? आम्हाला वेळ होतोय.’

‘झालं, झालं,’ शिवशंकर घाईनं म्हणाला. ‘काका, या तुम्ही.’

व्यंकटीनं पेचकस, पक्कड पिशवीत टाकली आणि मागच्या दारानं बाहेर पडला. पुढच्या दारात बाया होत्या.

गणपतीनंतर मशीन पुन्हा बंद पडलं. या वेळी शिवशंकर स्वतः छत्रीखाली आला. गोड बोलला, जुन्या आठवणी काढल्या. व्यंकटी मान खाली घालून एक स्क्रू फिरवत राहिला.

‘न्हाई जमणार,’ तो म्हणाला.

‘अहो, दहा मिनिटांचं काम आहे.’

‘हाव. दहाच मिन्टांचं हाय. न्हाई जमणार.’

घरी धुरपताला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘आवो, त्या बाया दोन घटका घराबाहेर पडायच्या. आता त्या बी बसल्या घरात. त्यात आपलं काय भलं झालं?’ लग्नसराई लागली तशी हॉलमध्ये खुर्च्या आल्या आणि मोठा पडदा कुठंतरी आत गेला.

पौषात एका दुपारी लक्ष्मीबाई बसस्टँडसमोर आली. काठी टेकत, एकटीच. इकडं तिकडं बघून ती छत्रीपाशी थांबली.

‘व्यंकटीभाऊ,’ ती हळूच म्हणाली, ‘तुझं ते मशीन आहे का अजून? गुडघे फार धरलेत बघ. ते चालू होतं तेव्हा बरं होतं. धुरपता कशी आहे?’

व्यंकटीनं वर पाहिलं नाही.

‘भाऊ कुणाला म्हणून राहिलात?’ तो म्हणाला. ‘मी मिस्त्री हाय. मिस्त्रीच्या घरी गेम नसतो, बाई.’

काहीतरी बोलायला तिचे ओठ हलले. समोरून शिरूर अनंतपाळची एसटी वळत होती, तिच्या हॉर्नमध्ये ते ऐकू आलं नाही. मग काठीचा आवाज लांब गेला.

व्यंकटीला वाटलं होतं, हे बोलल्यावर छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. हातातला स्क्रू तीनदा खाली पडला, चौथ्यांदा सापडलाच नाही. गिऱ्हाईकाला उद्या ये म्हणून सांगून त्यानं छत्री मिटली. घरी गेल्यावर धुरपतानं विचारलं, आज लवकर कसे? तो म्हणाला, ‘डोकं दुखून राहिलंय.’ लक्ष्मीबाईनं तिची विचारपूस केली होती, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.